मालन धुरीची डावी दाढ

दाढ माझी, तोंड माझं, फक्त आत भरलेलं सिमेंट त्यांचं. ते सिमेंट फुटलं, तर डॉक्टर वैशंपायन म्हणतात कसे, या बाईला मोजू नका!

मला कळणार नाही असं वाटलं असावं, म्हणून इंग्रजीत म्हणाले. अहो, टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते मी. उभी हयात लोकांचं इंग्रजी कानात घेऊन काढली. परळच्या त्या डेंटल कॉलेजात खुर्चीवर आडवी पडले होते, तोंडात आरसा, डोळ्यांवर तो मेला दिवा, आणि माझ्या डोक्यावरून ते त्यांच्या विद्यार्थिनीला, सलोनीला, सांगत होते, हिला अभ्यासातून काढून टाक, हिनं वाट्टेल ते खाल्लंय.

मी आरसा तोंडातून काढला आणि उठून बसले.

"काय वाट्टेल ते खाल्लं मी?"

डॉक्टर दचकले. माणूस तसा सभ्य आहे, आवाज कधी चढवत नाही. म्हणाले, "बाई, तुम्हीच आत्ता सांगितलंत ना, कुर्लीची नांगी फोडत होतात म्हणून."

"मग? खेकड्याची नांगी दातांनी नाही फोडायची तर हातोड्यानं फोडायची? लालबागला राहते मी, आश्रमात नाही."

"पण भरलेल्या दाढेवर एवढा जोर..."

"उजवी दाढही तुम्हीच भरलीत ना? तिच्यानंपण फोडल्या. त्याच दिवशी, त्याच ताटातल्या. तिथली चांदी जागची हलली नाही."

सलोनी खाली मान घालून हातमोज्यांशी चाळा करत होती. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "एका केसवरून काही सिद्ध होत नाही, बाई."

"मग एका केसला घाबरता कशाला?"

त्यांनी एक कागद पुढे केला. मालन धुरी स्वखुशीनं अभ्यासातून बाहेर पडत आहे, त्यावर सही करा; दाढ आम्ही परत फुकट भरून देतो. मी म्हटलं, सही करणार नाही आणि दाढही भरून घेणार नाही. आता भरलीत तर फुटलेली दिसणार कुठे? वर्षाची तपासणी दोन महिन्यांवर आली आहे, तेव्हा सगळ्यांबरोबर मला मोजा, मग खुशाल भरा. पर्स उचलली आणि चालू पडले.

हे सगळं सुरू कुठून झालं ते सांगते. आमची चाळ पाडून टॉवर झाला, त्याच्या खालच्या हॉलमध्ये कॉलेजनं दातांचं शिबिर लावलं होतं. तिथं ही सलोनी भेटली. दादरची पोरगी, डॉक्टर झालेली, पुढची मोठी डिग्री करते आहे. त्या डिग्रीसाठी तिला एक अभ्यास करायचा होता आणि वैशंपायन तिचे सर. दाढेत जी चांदी भरतात त्यात पारा असतो, म्हणून ती हळूहळू बंद करायचं चाललं आहे. तिच्या जागी एक नवं पांढरं सिमेंट आलं आहे. ज्यांच्या दोन्ही बाजूंच्या दाढा किडल्या आहेत अशा बायकांच्या एका बाजूला चांदी भरायची, दुसऱ्या बाजूला पांढरं, आणि वर्षभरानं बघायचं काय टिकलं. कुठल्या बाजूला काय ते कॉम्प्युटर ठरवणार. तोंड एकच, म्हणजे जेवण तेच आणि चावणारी बाई तीच. दोघांना सारखा न्याय. मला पटलं ते. माझ्या वाट्याला डावीकडे पांढरं आलं.

आणि बायका गोळा कुणी केल्या? मी! दारोदार फिरून. कारण माझी आई गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. तिच्यासारख्या सगळ्याजणी मिश्री लावायच्या, दात दुखला की आणखी लावायच्या. चाळिशीत तोंडाचं बोळकं झालं तिचं. माशाचं डोकं तिला जिवापाड आवडायचं, आणि पुढची सगळी वर्षं ती आमची ताटं बघत चहात चपाती बुडवून खात बसली. ते मी विसरलेले नाही. सलोनीनं सांगितलं होतं की हे पांढरं टिकलं तर कॉलेजची गाडी गावोगाव जाऊन हेच भरणार, आमच्या कणकवलीकडेही. म्हणून मी सगळ्यांना ओढून नेलं. आणि आता मलाच बाहेर काढतात? वर लिहिणार काय, तर पांढरं सगळ्या बायकांचं टिकलं. अरे वा रे वा.

घरी आले ती थेट सुचित्राकडे गेले. सुचित्रा माझ्या शेजारची, चाळीतही शेजारची. तिची सून प्रिती होती, आणि आमच्या सगळ्यांत वडीलधाऱ्या राधाबाईही तिथंच चहाला बसल्या होत्या. तिघीही या अभ्यासात होत्या. मी चप्पल काढता काढताच म्हटलं, "आ करा गं सगळ्या."

"काय गो, याड लागला काय तुका?" राधाबाई म्हणाल्या. पण तोंड उघडलं बिचारीनं.

मोबाइलची बॅटरी मारून बघितलं. पांढरी दाढ अशी लखलखीत की काल भरली असावी. सुचित्राची तशीच. प्रितीची तर जाहिरातीत दाखवावी अशी. माझा चेहरा पडला. म्हणजे खरंच माझंच काहीतरी चुकलं की काय? कवळी असल्यासारखं जपून खायला हवं होतं की काय मी?

"राधाबाई, इतकी चांगली कशी राहिली हो तुमची?"

"रवतलीच. मी त्या बाजून खातंयच नाय."

"म्हणजे?"

"नवी मा ती. वापरून मोडली तर त्या चेडवाक काय सांगू? इतक्या मायेन भरल्यान."

चेडू म्हणजे पोरगी, सलोनी. मी सुचित्राकडे बघितलं. ती पदरानं कप पुसत म्हणाली, "मीसुद्धा चांदीच्याच बाजूनं खाते. नवीन वस्तू आहे, डॉक्टरांची आहे, झिजवायची कशाला?"

"काकी, मी तर त्या साइडनं पॉपकॉर्नपण नाही खात," प्रिती म्हणाली. वर ब्रश मात्र दोनदा करते म्हणे तिथं.

अगं बाई! मी हसत सुटले. सोफ्यावर बसून पोट धरून हसले. त्या सोफ्यावर अजून प्लॅस्टिक आहे, घरभरणीपासून काढलेलं नाही, बसलं की चरचरतं. समोर कपाटात काचेचा डिनर सेट, त्यात कुणी एक घास जेवलेलं नाही. आम्ही बायका अशाच. चांगलं मिळालं की उचलून ठेवायचं आणि जुन्यात भागवायचं. एक मलाच ते कधी जमलं नाही. साडी आणली की दुसऱ्या दिवशी नेसून बाजारात. आई म्हणायची, या पोरीला वस्तूची कदर नाही.

हसता हसता मात्र माझं डोकं चालायला लागलं, आणि हसू बंद झालं.

"म्हणजे त्या पांढऱ्यानं चावलंय कोणी? फक्त मी? अगं, मग ते टिकलं असं म्हणायचं कशावरून? न चावता काय, पिठाचा गोळा भरला असता तरी टिकला असता!"

मी म्हटलं, चला, उद्याच्या उद्या जाऊन सांगू या. तर सुचित्रा उसळली.

"काही सांगायचं नाही. पोरीची डिग्री जाईल. राधाबाईंच्या मोतीबिंदूच्या वेळी स्वतःची कामं सोडून दिवसभर बसली होती ती दवाखान्यात, आठवतं? तुझा मुलगा होता का तेव्हा? माझा होता? तुला ना मालन, सगळीकडे भांडायचंच असतं. दाढ फुकट भरून देतायत ना? घे आणि गप्प बस. मोजून तुला काय मिळणार आहे?"

"डोंबल मिळणार आहे!" मी ओरडलेच. "पण माझी दाढ फुटलीय, मला घास चावता येत नाही, आणि ते लिहिणार की मी नव्हतेच. मी होते सुचित्रा. सगळ्यांच्या आधी त्या खुर्चीत मी बसले होते. तुला नसेल वाटत काही, मला वाटतं."

तिनं कप उचलले आणि आत गेली. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलेना. लिफ्टमध्ये समोरासमोर आलो तरी ती मजल्यांचे आकडे बघत राहायची.

मी सलोनीला फोन केला. कॉलेजात नको म्हणाली, म्हणून परळ नाक्यावरच्या उडप्याकडे भेटलो. मी तिला सगळं सांगितलं, कोण कुठल्या बाजूनं खातं ते. ती आधी हसली, माझ्यासारखीच. मग तिच्या हातातला कॉफीचा पेला तसाच राहिला.

"सगळ्याच, काकू?"

"मी ज्यांना विचारलं त्या सगळ्याच. बाकीच्यांना तू विचार."

"मी दुखतं का विचारलं. थंड लागतं का विचारलं." ती स्वतःशीच बोलत होती. "खाता कुठून, हे विचारायचं सुचलंच नाही. कोण असं खात असेल, असं डोक्यातच आलं नाही माझ्या."

"आता आलं ना?"

"काकू, थीसिस द्यायची वेळ तोंडावर आलीय. सरांनी याच्यावर कॉन्फरन्सला पेपर लावलाय. आता मी हे काढलं तर माझं वर्ष गेलं. बाबा रिटायर झालेत, काकू. प्लीज." आणि ती रडायला लागली, त्या सगळ्या इडली खाणाऱ्या लोकांसमोर.

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, जवळ घेऊन डोक्यावरून हात फिरवावासा वाटला. गुणी पोर आहे ती. पण माझ्या डोळ्यांपुढे गावी जाणारी ती गाडी येत होती. त्या गाडीसमोर रांगेत बसणाऱ्या बायका, आणि उद्या त्यांची दाढ फुटली की त्यांना कुणीतरी शांत आवाजात सांगणार, बाई, तुम्हीच वाट्टेल ते खाल्लंत. राग उतरेचना माझा.

"तुझं तू ठरव," मी म्हटलं. "मी तुला काही करायला सांगत नाही. मी फक्त सही करणार नाही. आणि तपासणीला येणार."

"मग तोपर्यंत बाहेर कुठे तरी दाढ भरून घ्या. आतली नस दुखावेल. खूप दुखेल, काकू."

"दुखू दे."

म्हणाले खरी, पण काय दुखली म्हणून सांगू! पाणी प्यायले की मस्तकात कळ. दही बंद, उसाचा रस बंद. आमचे हे म्हणाले, "कुणासाठी चाललंय हे उपोषण? शेवटी तोंड तुझंच सुजणार." मी म्हटलं, लवंग आणून द्या आणि गप्प बसा. लवंग धरून धरून जीभ बधिर झाली. आरशात ती तुटकी दाढ बघायची आणि मनात म्हणायची, थांब बाई, तुला मोजल्याशिवाय मी काही ऐकायची नाही. कधी कधी वाटायचंही, सोड ना मालन, कोण विचारतंय तुला. मग डॉक्टरांचा तो शांत आवाज आठवायचा आणि परत पेटायचे मी.

तपासणीचा दिवस आला. बाकी सगळ्यांना फोन आले, मला आला नाही. मी गेलेच. आमच्या बिल्डिंगच्या बायका बाकावर ओळीनं बसल्या होत्या, चांगल्या साड्या नेसून. सुचित्रानं मान फिरवली. आतल्या हॉलमध्ये दोन खुर्च्या शेजारी शेजारी तयार होत्या. दाढा भरणारा एक आणि तपासणारा दुसरा हवा असतो म्हणे, म्हणून दुसऱ्या कॉलेजातून मेघना मॅडम आल्या होत्या. सलोनी त्यांच्या बाजूला उभी, चेहरा उतरलेला. राधाबाईंना पहिल्या खुर्चीत बसवलं. दुसरी रिकामी होती, तिच्यात मी जाऊन बसले.

वैशंपायन धावत आले. "बाई, तुमचं नाव आज नाही."

मी तोंड उघडलं. मोठ्ठं. आणि तसंच ठेवलं.

"अहो, मी काय सांगतोय? तुम्ही आता अभ्यासात नाही आहात."

मी आ केलेलाच. उत्तर नाही, हूं नाही, चूं नाही. ऑपरेटर असताना माझ्या तोंडाला कोणी लागायचं नाही. पण त्या दिवशी मला कळलं की आ करून बसलेल्या बाईशी कुणालाच भांडता येत नाही. डॉक्टर दोनदा बोलले, तिसऱ्यांदा त्यांनी इकडेतिकडे बघितलं. बाहेरच्या मॅडमसमोर मला हात धरून उठवतात की काय? छे! म्हणाले, "बसू दे त्यांना," आणि राधाबाईंकडे वळले. जबडा दुखायला लागला, ओठाच्या कडेनं लाळ आली. पुसली नाही. लाज वाटली, पण पुसली नाही.

मेघना मॅडम राधाबाईंच्या दाढेत आरसा घालून बघत होत्या. "एक्सलंट. अगदी नव्यासारखी." वैशंपायनांच्या चेहऱ्यावर हसू आलं. मॅडम लिहायला वाकल्या, तेवढ्यात सलोनी म्हणाली, "मॅडम, एक मिनिट. आजी, तुम्ही जेवताना कुठल्या बाजूनं चावता?"

बोलता येत नव्हतं, मानही वळवता येत नव्हती. डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होते.

"सलोनी," वैशंपायन म्हणाले, "हा प्रश्न आपल्या यादीत नाही."

"माहीत आहे सर. मला विचारायचाय."

राधाबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्या उघड्या तोंडाकडे. म्हातारीला खोटं बोलता आलं असतं. पोरीवर जीव होता तिचा.

"चांदीच्या," त्या म्हणाल्या.

"आणि पांढऱ्या बाजूनं?"

"कधीच नाय, बाय. तुझी वस्तू ती. मोडूक कशी देव मी?"

दारात साडीची सळसळ ऐकू आली. सुचित्रा होती. माझ्याकडे न बघता, खणखणीत आवाजात म्हणाली, "मीपण चांदीच्याच बाजूनं खाते. माझी सूनसुद्धा. आणि डॉक्टर, बाहेर बाकावर विचारा, एकीनंही त्या पांढऱ्याला घास लावलेला नाही. लावला तो फक्त या मालननं."

वैशंपायनांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "सलोनी, तुला कळतंय का तू काय करते आहेस? तुझं अख्खं वर्ष वाया गेलं!"

"हो सर." तिनं दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. "हा अभ्यास चुकला. असाच छापला तर जास्त चुकेल. मी परत करीन. या वेळी चावायला सांगून करीन."

"माझ्याकडे नाही करता येणार."

"मग दुसरीकडे करीन, सर."

आणि ती माझ्या खुर्चीपाशी आली. नवा आरसा घेतला. किती हळुवार हात त्या पोरीचा! तुटक्या कडेला लागू न देता बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मालन धुरी. खालची डावी दाढ. पांढरं सिमेंट, फुटलेलं. उजवी दाढ, चांदी, शाबूत. मॅडम, लिहून घेता?"

मेघना मॅडमनी एकदा वैशंपायनांकडे बघितलं. मग माझ्या तोंडात स्वतः आरसा घालून बघितलं, पेन उचललं आणि लिहिलं.

मी तोंड मिटलं. जबडा इतका आखडला होता की मिटताना डोळ्यांतून पाणी आलं. जबड्यामुळेच आलं असं मी सुचित्राला नंतर सांगितलं, तिनं ऐकून घेतलं. सलोनीच्या डोळ्यांतही पाणी होतं, तिनं बाहीनं पुसलं. वैशंपायन हॉलमधून निघून गेले.

शेजारच्या खुर्चीत राधाबाई अजून आडव्याच होत्या. त्यांनी जिभेनं ती पांढरी दाढ चाचपून बघितली.

"मगे आता त्या बाजून खाव काय गो, चेडवा?"

"खा आजी," सलोनी म्हणाली. "चणे खा, कुर्ल्या खा, काय हवं ते खा. फुटली तर माझ्याकडे या. मी मोजीन."